कॅप्टनला नियम विचारू नका, शंका विचारा

चार वर्षांपूर्वी एक तरुण इंजिनिअर बेचाळीस प्रश्नांचा फॉर्म घेऊन माझ्यासमोर बसला. त्याची टीम बिनमाणसांच्या जहाजासाठी टक्कर टाळणारा प्रोग्राम लिहीत होती आणि अनुभवी लोकांकडून माहिती गोळा करायचं काम त्याच्या गळ्यात पडलं होतं. पहिला प्रश्न होता, समोरचं जहाज किती मैलांवर असताना तुम्ही वळता? मी लिहिलं, "अवलंबून आहे." दुसरा, किती अंश वळता? "अवलंबून आहे." सतराव्या प्रश्नापर्यंत आम्ही दोघंही वैतागलो. त्याला वाटलं मॅडम टाळतायत. मला वाटलं याला समुद्र म्हणजे मैदानावर आखलेले पट्टे वाटतायत.

खरं तर त्याचं चुकलं तेवढंच माझंही चुकलं. तेवीस वर्षं जहाजावर काढली, त्यातली नऊ कॅप्टन म्हणून, पण आपण ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवायच्या खोलीत, नेमकं काय करतो हे कधी शब्दांत मांडायची वेळच आली नव्हती. त्यानंतर अशा बऱ्याच बैठकांमध्ये मी बसले, कधी उत्तरं देणारी म्हणून, कधी विचारणारी म्हणून. हे काम ज्यांच्या अंगावर येणार आहे त्यांच्यासाठी हे लिहितेय.

जहाज वळवायला कॅडेट सहा महिन्यांत शिकतो. अनुभवी माणसाचं वेगळेपण कुठे असतं, तर पडद्यावरचं चित्र छान दिसत असताना त्याला "थांब, काहीतरी जमत नाहीये" असं केव्हा वाटतं, त्यात. ती शंका कशी पकडायची आणि डिझाइनमध्ये कशी उतरवायची, एवढंच या लेखात आहे.

आधी जहाज ठरवा, मग माणूस शोधा

"स्वयंचलित जहाज" हा शब्द फार पसरट आहे. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने, म्हणजे आयएमओने, २०२१ मध्ये नियमांचा जो आढावा पूर्ण केला त्यात चार पायऱ्या धरल्या होत्या: माणसं जहाजावरच आहेत आणि यंत्र त्यांना मदत करतं, जहाज दुरून चालवतात पण माणसं जहाजावर आहेत, दुरून चालवतात आणि जहाजावर कोणीच नाही, आणि शेवटी, निर्णय पूर्णपणे यंत्राचे. तुमचं जहाज यातल्या कुठल्या पायरीवर आहे ते कागदावर लिहा. एकच जहाज बंदरात एका पायरीवर आणि खुल्या समुद्रात दुसऱ्या पायरीवर असू शकतं, तेही लिहा.

नॉर्वेचं 'यारा बर्कलंड' ८० मीटर लांबीचं, १२० कंटेनरचं, बॅटरीवर चालणारं जहाज आहे आणि ते ठरलेल्या धक्क्यांमध्ये छोट्या पल्ल्याच्या फेऱ्या करतं. अशा जहाजासाठी तुम्हाला जगभर फिरलेला कॅप्टन नको, त्याच पाण्यात हजार वेळा गेलेला पायलट, म्हणजे जहाजांना वाट दाखवणारा स्थानिक जाणकार, हवा. उलट २०२२ मध्ये जपानमध्ये 'सुझाकु' या कंटेनर जहाजाची चाचणी टोकियोच्या आखातातून इसेच्या आखातापर्यंत झाली. तिथे गर्दीच इतकी, की किनारी वाहतुकीत मुरलेला मेट (कॅप्टनच्या हाताखालचा अधिकारी) आणि शक्य असेल तर मच्छीमार बोटीवरचा तांडेलसुद्धा बोलवावा. मोठी जहाजं पाण्यावरून कशी दिसतात हे तांडेलाला विचारलंत तर अर्ध्या तासात डोळे उघडतील. हे जवळजवळ कोणीच करत नाही.

नियम स्वतः वाचा, आणि त्यातल्या मोकळ्या जागा मोजा

टक्कर टाळण्याचे आंतरराष्ट्रीय नियम १९७२ चे, लागू झाले १९७७ मध्ये. कॅप्टनकडे जाण्याआधी ते मुळापासून वाचा, कोणीतरी केलेला सारांश वाचू नका. वाचताना एक पेन्सिल घ्या आणि जिथे आकडा असायला हवा होता पण नाही, तिथे खूण करा.

सहावा नियम सांगतो, वेग "सुरक्षित" ठेवा. किती नॉट, म्हणजे ताशी किती सागरी मैल? लिहिलेलं नाही. आठवा म्हणतो, कृती भरपूर वेळ राखून करा आणि वळण इतकं मोठं घ्या की समोरच्याला चटकन कळावं. किती मिनिटं, किती अंश? नाही. सातव्यात तर सरळ ताकीद आहे की तुटपुंज्या माहितीवर, विशेषतः रडारच्या तुटपुंज्या माहितीवर, गृहीत धरू नका. तुटपुंजी म्हणजे केवढी? आणि दुसरा नियम सगळ्यांवर कडी करतो: हे नियम पाळलेत म्हणून खलाशाच्या नेहमीच्या शहाणपणात कसूर केलेली माफ होणार नाही.

इंजिनिअरची पहिली खोड म्हणजे या मोकळ्या जागांमध्ये एकेक आकडा भरून टाकणं. दोन मैल, बारा मिनिटं, तीस अंश. तसं करू नका. त्या जागा लिहिणाऱ्यांनी मुद्दाम मोकळ्या सोडल्या आहेत आणि आमचं सगळं कसब तिथेच राहतं. तुम्ही केलेल्या खुणांची यादी हीच तुमची खरी प्रश्नावली.

ब्रिजवर जा, पण गप्प बसा

किमान तीन वॉच, म्हणजे ब्रिजवरच्या पहाऱ्याच्या पाळ्या, बघा. मध्यरात्री बारा ते चारचा एक, पहाटेचा चार ते आठचा एक आणि बंदरात शिरतानाचा एक. रात्रीच्या वॉचला मोबाइल खोलीतच ठेवून या. अंधाराला डोळे सरावायला जवळपास अर्धा तास लागतो आणि तुमच्या स्क्रीनच्या एका झळीने वॉचवरच्या माणसाची ती कमाई वाया जाते. माझ्या ब्रिजवर एका पाहुण्याने एकदा फोन उघडला, तेव्हा लुकआउटने, म्हणजे नजर ठेवणाऱ्या खलाशाने, जो शब्द वापरला तो इथे लिहिता येणार नाही.

अधिकारी काय करतो याची यादी सोपी असते आणि निरुपयोगी असते. तो कुठे बघतो, कुठल्या क्रमाने बघतो आणि कुठली गोष्ट विनाकारण करतो असं वाटतं, ते टिपा. मी एका सेकंड मेटबरोबर बसले होते. शांत समुद्र, रडारवर तीन जहाजं, तिन्ही लांब. तो दर दहा-बारा मिनिटांनी दार उघडून ब्रिजच्या पंखावर, म्हणजे बाजूच्या उघड्या सज्जावर, जायचा, अर्धा मिनिट उभा राहायचा आणि परत यायचा. वॉच संपल्यावर विचारलं तर म्हणाला, "हवा घ्यायला." मी म्हटलं, मग तू दरवेळी आधी चिमणीकडे का बघतोस? तो विचारात पडला. धूर कुठे वाकतोय यावरून तो वारा फिरला का ते बघत होता, कारण वारा फिरला की त्या भागात धुकं येतं. शिवाय इंजिनाचा आवाज बाहेर कसा येतोय ते ऐकत होता, आणि मागे वळून जहाजाची पाण्यातली शेपटी सरळ आहे का तेही बघत होता. तीन निरीक्षणं अर्ध्या मिनिटात, आणि त्याच्या लेखी ती "हवा".

यंत्राला पंखावर जायची सोय नसते. त्या अर्ध्या मिनिटाची भरपाई कशाने करणार, हा प्रश्न त्या दिवशी तुमच्या वहीत आला तर वॉच सत्कारणी लागला.

मुलाखत: एकच रात्र, चार फेऱ्या

मुलाखतीची एक पद्धत मी वापरते. मानसशास्त्रज्ञ गॅरी क्लाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात अग्निशमन दलाच्या प्रमुखांवर काम करताना ती घडवली. एकच खरा प्रसंग घ्यायचा आणि त्यावरून चार वेळा जायचं. पहिल्या फेरीत माणूस आपल्या पद्धतीने गोष्ट सांगतो. दुसऱ्यात काळाची रेषा काढून कुठे कुठे निर्णय झाला ते बसवायचं. तिसऱ्यात एकेका निर्णयाच्या आत शिरायचं: काय दिसलं, काय ऐकू आलं, काय अपेक्षित होतं, दुसरं काय करता आलं असतं. चौथ्यात "असं असतं तर?": नवखा असता तर कुठे चुकला असता, ती खूण नसती तर काय.

लोक पहिल्या फेरीनंतरच लॅपटॉप मिटतात. म्हणून माझीच एक मुलाखत इथे उलगडून दाखवते. विचारणारा तोच फॉर्मवाला होता, वर्षभर मुरलेला.

पहिली फेरी: रात्रीची वेळ, दृश्यमानता चांगली. १९० मीटरचं बल्क कॅरिअर (सुटा माल नेणारं जहाज), वेग १३ नॉट, इंजिन हुकमाला तयार. उजव्या बाजूने एक जहाज आडवं येतंय, सात मैलांवर, त्याचा लाल दिवा मला दिसतोय. म्हणजे वाट मी द्यायची. सर्वसाधारणपणे मी उजवीकडे मोठं वळण घेऊन त्याच्या मागून गेले असते. त्या रात्री मी वळले नाही, वेग ७ नॉटवर आणला आणि त्याला पुढून जाऊ दिलं.

दुसरी फेरी: त्याने वेळा लिहून घेतल्या. जहाज पहिल्यांदा दिसलं, त्याचं बेअरिंग (आपल्यापासूनची दिशा) बदलत नाही, म्हणजे टक्करीचा धोका आहे, हे कळलं, वळायचं ठरवलं, वळायचं रद्द केलं, वेग कमी केला. "ठरवलं आणि रद्द केलं यात किती वेळ गेला?" साधारण एक मिनिट. "त्या मिनिटात काय झालं?" मी म्हटलं, "उजवीकडे बरं वाटलं नाही."

इथे फॉर्मवाल्याने फॉर्ममध्ये "अंतर्ज्ञान" लिहून पुढचा प्रश्न घेतला असता. तो थांबला.

तिसरी फेरी. "उजवीकडे बघितलंत तेव्हा काय होतं?" किनारा. "किनारा म्हणजे?" दिव्यांची एक रांग, बारीक, लांब. "रांगेत काही वेगळं?" आणि तेव्हा मला आठवलं. रांगेतले दोन दिवे गेले. मग परत आले आणि त्यांच्या शेजारचे दोन गेले. आपल्या आणि किनाऱ्याच्या मध्ये काहीतरी काळं सरकत होतं. रडारवर तिथे काही नव्हतं, लाटांमुळे पडद्यावर उमटणारा कचरा तीन मैलांपर्यंत पसरला होता आणि लाकडी बोटीचा क्षीण प्रतिध्वनी त्यात बुडून जातो. एआयएसवर, म्हणजे जहाजं आपली जागा रेडिओवरून आपोआप कळवतात त्या यंत्रणेवर, तर प्रश्नच नव्हता, कारण तिची सक्ती मुख्यतः आंतरराष्ट्रीय फेरीवरच्या ३०० टनांपासून पुढच्या जहाजांना. मी उजवीकडे वळले असते तर नाक थेट त्या बोटीवर आलं असतं. नंतर जवळून जाताना त्यांनी टॉर्च हलवला. जाळं ओढत होते, इंजिन बंद, दिवे बंद.

चौथी फेरी: "किनारा अंधारा असता तर?" तर मला बोट दिसली नसती आणि मी वळले असते. हे उत्तर द्यायला बरं वाटलं नाही, पण ते महत्त्वाचं होतं. माझं कसब कुठे संपतं याची ती रेषा होती. तिथे उष्णता टिपणारा कॅमेरा माझ्यापेक्षा सरस ठरला असता.

आता डिझाइनमध्ये काय गेलं ते बघा. "यंत्राने अनुभवी कॅप्टनसारखी सावधगिरी बाळगावी" असं वाक्य गेलं नाही. गेलं ते असं: पार्श्वभूमीवरचा स्थिर दिवा काही सेकंद नाहीसा होऊन परत आला आणि शेजारच्या दिव्याचंही तसंच झालं, तर त्या दिशेला अज्ञात वस्तू आहे असं धरावं, रडारने दुजोरा दिला नाही तरी ती खोडू नये, शंका मिटेपर्यंत त्या बाजूचं वळण हा पहिला पर्याय नसावा. हे तपासता येतं. सिम्युलेटरमध्ये घालून यंत्र नापासही करता येतं.

चित्र गोठवा

नव्या जहाजांवरचा व्हीडीआर, म्हणजे प्रवासाची नोंद ठेवणारी पेटी, रडारचं चित्र, ब्रिजवरचे आवाज आणि व्हीएचएफ रेडिओवरचं बोलणं साठवते. जुलै २०१४ नंतर बसवलेल्या पेट्यांमध्ये तीस दिवसांची नोंद राहते. चांगला प्रसंग हाती लागला की कंपनीला आधी ती प्रत मागा, नाहीतर पेटी स्वतःवरच लिहीत जाते. माणसाची आठवण आणि पेटीतली नोंद जिथे जुळत नाही, तिथे पुन्हा तिसरी फेरी घ्यायची.

दुसरी युक्ती मिका एन्ड्सली यांच्या संशोधनातली आहे: सिम्युलेटर मधेच थांबवा, सगळे पडदे काळे करा आणि विचारा, कोण कुठे होतं, पाच मिनिटांनी कुठे असेल? मी हे थर्ड मेट आणि जुन्या कॅप्टनवर शेजारी-शेजारी करून पाहिलं. थर्ड मेटने वीसपैकी चौदा जहाजं बरोबर सांगितली. कॅप्टनला फक्त सहा आठवली. इंजिनिअर खूश झाला, त्याला वाटलं तरुण जिंकला. मी म्हटलं, त्या सहांची नावं वाच. पुढच्या पंधरा मिनिटांत ज्यांच्याशी गाठ पडणार होती ती नेमकी तीच सहा होती. बाकीची त्याने मनातून काढून टाकली होती. काय विसरायचं हे यंत्राला शिकवणं फार कठीण आहे, कारण यंत्र विसरत नाही आणि मग दुरून बघणाऱ्या माणसाच्या पडद्यावर वीसच्या वीस लाल करून ठेवतं.

पाणी हलतं, हे विसरू नका

यावर जरा थांबते, कारण इथे मी शिकलेल्या, हुशार टीमनाही घसरताना पाहिलंय.

जहाज पाण्यातून १० नॉटने सरळ उत्तरेकडे चाललंय आणि आडवा प्रवाह ४ नॉटचा आहे. जमिनीच्या हिशेबाने त्याचा मार्ग सुमारे २२ अंश कललेला दिसेल. पण त्याचं नाक उत्तरेलाच आहे आणि त्याचे दिवेही उत्तरेकडे जाणाऱ्या जहाजासारखेच दिसतात. टक्करीचे नियम कोण कुणाला कसा दिसतो यावर उभे आहेत. जीपीएसमधला जमिनीवरचा मार्ग घेऊन यंत्राने ठरवलं की हे जहाज आडवं जातंय, तर प्रत्यक्षात ते समोरासमोर येणारं असू शकतं. दोन्ही प्रसंगांत करायची कृती वेगळी. दोन्ही जहाजं एकाच पाण्यात वाहतायत, म्हणून टक्कर टाळण्यासाठी रडार पाण्याच्या वेगावर लावायचं आणि उथळ जागा टाळण्यासाठी जमिनीच्या. कुठल्याही मेटला झोपेतून उठवून विचारा, सांगेल. त्याला ते इतकं उघड वाटतं की तो आपणहून सांगणार मात्र नाही. म्हणून विचारा.

उथळ पाण्याचंही तसंच. वेगाने जाणारं जहाज उथळ पाण्यात खाली बसतं. जहाजतज्ज्ञ बॅरॅस यांचं साधं सूत्र असं: जहाजाचा ब्लॉक गुणांक (पाण्यातला भाग किती ठोकळ्यासारखा आहे तो आकडा) गुणिले नॉटमधल्या वेगाचा वर्ग, भागिले शंभर, उत्तर मीटरमध्ये, अरुंद पाण्यात त्याच्या दुप्पट. ०.८ गुणांकाचं जहाज १२ नॉटने गेलं तर उघड्या उथळ पाण्यात १.१५ मीटर, कालव्यासारख्या जागी २.३. वेग ६ केला की हेच पाव होतं. १९९२ च्या ऑगस्टमध्ये 'क्वीन एलिझाबेथ २' अमेरिकेच्या किनाऱ्याजवळ खडकावर घासलं. चार्टवर दाखवलेल्यापेक्षा पाणी कमी होतं आणि त्या वेगाला जहाज किती बसेल याचा अंदाजही कमी पडला होता.

सूत्र यंत्राला येतंच. माणूस ते पायातून ओळखतो. तळ जवळ आला की जहाज जड होतं, इंजिनाचे फेरे तेच पण वेग उतरतो, टेबलावरचा कप थरथरतो, सुकाणूला उत्तर उशिरा मिळतं. या चारही गोष्टी मोजता येतात. चार्ट चुकीचा असेल तेव्हा सूत्रही चुकीचंच उत्तर देईल, कप मात्र थरथरेल.

शंकावही

प्रत्येक प्रसंगाला एक पान. वरती क्षण, मग खूण, मग त्या वेळी काय अपेक्षित होतं, शंका काय आली, त्यावर काय केलं, आणि शेवटचा रकाना: हे आपल्या यंत्राला कळलं असतं का, कशावरून? शेवटच्या रकान्यात "हो" लिहायचं असेल तर सेन्सरचं नाव लिहा. नाव सुचत नसेल तर उत्तर "नाही" आहे.

मधला रकाना, "काय अपेक्षित होतं", लोक रिकामा सोडतात आणि सगळ्यात मोठी फसगत तिथेच असते. 'रॉयल मॅजेस्टी' हे प्रवासी जहाज जून १९९५ मध्ये बर्म्युडाहून बोस्टनला निघालं. तासाभराच्या आत जीपीएसच्या अँटेनाची केबल सुटली. उपकरण निमूटपणे अंदाजी हिशेबावर गेलं, पडद्यावर दोन बारीक अक्षरं उमटली आणि ऑटोपायलट त्याच आकड्यांवर जहाज हाकत राहिला. साधारण चौतीस तासांनी जहाज नँटकेटजवळच्या वाळूवर चढलं, ब्रिजवर समजत होते त्या जागेपासून १७ मैल दूर. मधल्या काळात एक बोया ठरल्या वेळी रडारवर "सापडला"; तो दुसराच होता. पुढचा बोया दिसलाच नाही, तरी दिसल्याचं कॅप्टनला सांगितलं गेलं. खोली मोजणाऱ्या यंत्राचा इशारा शून्य मीटरवर लावलेला होता. लोरान नावाचं दुसरं, स्वतंत्र उपकरण बरोबर जागा दाखवत होतं, त्याच्याशी कोणी ताळा केला नाही.

त्यामुळे प्रत्येक पानावर दोन गोष्टी सक्तीने लिहायला लावा. इथे काय दिसायला हवं होतं आणि ते दिसलं नाही तर किती मिनिटांत यंत्र बोलेल? आणि जागेचा ताळा जीपीएसशी काहीही संबंध नसलेल्या कशाशी घेणार: खोलीशी, रडारवरच्या किनाऱ्याशी, दीपगृहाच्या बेअरिंगशी?

आमच्यावर आंधळा विश्वास नको

अनुभवी माणसं बढाया मारतात आणि मीही त्यातलीच. शिवाय आमच्या काही सवयी निव्वळ वाईट आहेत. व्हीएचएफवर दुसऱ्या जहाजाशी "तू असा जा, मी अशी जाते" असं ठरवणं ही त्यातली एक. रात्री तीन जहाजं जवळ असताना आपण नेमकं कुणाशी बोलतोय हेच कळत नाही. पहाटेच्या वॉचला डोळे मिटतात. म्हणून एकाच प्रसंगावर दोघांना वेगवेगळं बसवून विचारा आणि मतं जुळली नाहीत तर सरासरी काढू नका. १९५६ मध्ये 'अँड्रिया डोरिया' आणि 'स्टॉकहोम' एकमेकांना रडारवर बघत असताना आदळली. एकाने डावीकडे वळून उजव्या बाजूने पार व्हायचं धरलं होतं, दुसऱ्याने उजवीकडे वळून डाव्या बाजूने. ५१ माणसं गेली. या दोन बेतांची सरासरी काढली तर दोघंही सरळ जात राहतात.

मतभेदाचं पान फाडू नका, त्यावर लाल खूण करा. तिथे यंत्राने एकटं ठरवायचं नाही.

वळण मोठं घ्या

एक छोटी पण हट्टाची गोष्ट. इंधन वाचवायला शिकवलेलं यंत्र तीन अंश वळतं, मग दोन, मग पुन्हा तीन. गणिती दृष्टीने सुंदर, पण समोरच्या ब्रिजवरून काहीच घडलेलं दिसत नाही. मी रात्री वळते तेव्हा निदान तीस अंश वळते, म्हणजे समोरच्याला माझ्या दिव्यांची रचना बदललेली दिसते आणि तो निश्चिंत होतो. वळण ही समोरच्याशी बोलायची भाषा आहे, हे तुमच्या खर्चाच्या सूत्रात कुठेतरी घाला.

कारभार माणसाच्या हाती देताना

"यंत्राला जमलं नाही तर दुरून बसलेला माणूस ताबा घेईल." हे वाक्य प्रत्येक आराखड्यात असतं. आमच्याकडे वॉच बदलण्याचा नियम याच्या बरोबर उलटा आहे. धोका टाळण्याची हालचाल चालू असेल तर ती पूर्ण होईपर्यंत वॉच दुसऱ्याच्या हाती द्यायचाच नाही. येणारा माणूस पंधरा मिनिटं आधी येतो, अंधाराला डोळे सरावू देतो, चार्ट बघतो, मग "घेतला" म्हणतो. तुमचं जहाज मात्र ऐन धोक्यात, डोक्यात समोरचं काहीच चित्र नसलेल्या, दुसरंच काही करत बसलेल्या माणसाच्या हाती सुकाणू देणार.

ताबा बदलताना काय होतं ते ऑगस्ट २०१७ मध्ये सिंगापूरच्या सामुद्रधुनीच्या तोंडाशी दिसलं. 'जॉन एस. मॅकेन' या अमेरिकन युद्धनौकेवर स्पर्शपडद्यावरून सुकाणूचा ताबा नकळत ब्रिजवरच्या दुसऱ्या जागी गेला, हाकणाऱ्याला वाटलं सुकाणूच गेलं. जहाज ढकलणाऱ्या दोन्ही पंख्यांचा (प्रोपेलरचा) वेग एकत्र कमी व्हायला हवा होता, तो एकाचाच झाला आणि जहाज वळून टँकरसमोर आलं. दहा खलाशी दगावले. त्यानंतर नौदलाने वेग बदलायचे, हातात धरता येणारे दांडे परत आणायचं ठरवलं.

म्हणून शंकावही इथे कामाला लावा. माणसाला बोलवायचं ते धोका दिसल्यावर नाही, पहिली शंका आल्यावर. प्रत्येक पानावरून मोजा: शंकेच्या क्षणापासून शेवटच्या उपयोगी कृतीपर्यंत किती मिनिटं होती? माझ्या त्या बोटीच्या रात्री ती अकरा होती. माणसाला चित्र समजायला चार लागत असतील तर जमलं. पानावर तीनच मिनिटं निघाली, तर त्या प्रसंगात माणूस हा उपाय नाही आणि तसं आराखड्यात स्पष्ट लिहा. बोलावल्यावर त्याला पहिलं वाक्य काय ऐकू येणार तेही लिहून ठेवा. "लक्ष्य १४, धोक्याची पातळी उच्च" याचा उपयोग नाही. "उजवीकडे दोन मैलांवर काहीतरी आहे, रडारला दिसत नाही, म्हणून मी वळलेलो नाही" याचा आहे. आणि माणूस आलाच नाही तर जहाज काय करेल? "थांबेल" असं सगळे लिहितात. वर्दळीच्या मार्गाच्या मधोमध थांबलेलं जहाज स्वतःच धोका होतं, तेव्हा जागेनुसार वेगवेगळं लिहा.

शेवटची तपासणी

ज्या लोकांकडून माहिती घेतली त्यांना सिम्युलेटरवर परत बोलवा, पण तुमच्या जहाजावर बसवू नका. त्यांना दुसऱ्या जहाजाच्या ब्रिजवर ठेवा. समोर पाच-सहा जहाजं सोडा, त्यातलं एक तुमचं, कुठलं ते सांगू नका. ते बोलत नसतील तर बोलतं करायचा प्रयत्न करू नका, हाताकडे बघा. दुसऱ्याचा इरादा कळेनासा झाला की नियमाने निदान पाच आखूड भोंगे द्यायचे असतात आणि ते द्यायच्या आधी जुन्या माणसाचा हात आपसूक बटणाकडे सरकतो. कुठल्या जहाजाकडे बघताना तो सरकला आणि किती वाजता, ते लिहून घ्या. आमच्या पहिल्या चाचणीत तीन कॅप्टन होते. तिघांचाही हात आमच्याच जहाजाकडे बघून सरकला, एकाचा तर दुसऱ्याच मिनिटाला. वही उघडून आम्ही पुन्हा पहिल्या पानापासून सुरुवात केली.